विजेने ओढलेले, कंपनाने सुटलेले पाणी

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या आसपास प्रचंड तळी पसरली आहेत. ती निसर्गाची नाहीत. डांबरमिश्रित वाळू गरम पाण्याने धुऊन तेल काढण्याचा उद्योग तिथे १९६७ पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे आणि धुऊन उरलेले गढूळ पाणी या तळ्यांत सोडले जाते. जाड वाळू लगेच तळाशी बसते. चिकणमातीचे बारीक कण मात्र काही वर्षे हळूहळू खाली येतात आणि वजनाने साधारण ३० ते ३५ टक्के घन भाग झाला की तिथेच अडतात. पुढे दशके उलटली तरी फारसा फरक पडत नाही. पाणी म्हणावे तर दाट, माती म्हणावी तर पाय ठेवण्याजोगी नाही, असा हा पदार्थ १०० कोटी घनमीटरच्या पुढे साठला आहे. २०१० मध्ये तिथले पहिले तळे बुजवून त्यावर गवत आणि झाडे लावली गेली तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. पण त्या तळ्यातला न आटणारा गाळ त्याआधी पंपाने दुसऱ्या तळ्यात हलवावा लागला होता.

ओल्या पदार्थातील पाणी विद्युत क्षेत्राने आणि कंपनाने बाहेर काढण्याच्या शास्त्राची ओळख करून घेताना आधी अशा तळ्याकडे पाहावे. इथे गुरुत्वाकर्षण हरले आहे, ऊन-वारा हरला आहे आणि काळही हरला आहे.

उष्णतेने काम होईल, पण परवडणार नाही. १०० अंशांना उकळत असलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला लागते त्याच्या सातपट. विजेच्या भाषेत सांगायचे तर एक टन पाण्याची नुसती वाफ करायला सव्वासहाशे युनिट हवेत, आणि भट्टीतून वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. म्हणून धुणे दोरीवर टाकण्याआधी कोणीही ते पिळतेच. जे पाणी पाण्याच्याच रूपात निघू शकते त्याची वाफ करणे म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी. कारखान्यांतही दाबयंत्रे, गाळणपट्टे आणि गरगर फिरणारी अपकेंद्री यंत्रे याच हिशेबावर चालतात. वाळू, कापूस, उसाचे चिपाड यांना ती पुरी पडतात. बारीक चिकणमाती आणि सांडपाण्याचा जैविक गाळ मात्र या यंत्रांनाही दाद देत नाहीत.

याचे मूळ कणांच्या आकारात आणि त्यांच्या विद्युत प्रभारात आहे. चिकणमातीचा कण म्हणजे एक अतिसूक्ष्म पापुद्रा. त्याच्या स्फटिकात काही जागी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे पापुद्र्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार कायमचा मुक्कामाला येतो. हा प्रभार पाण्यातल्या सोडियम, कॅल्शियम यांच्या धन आयनांना जवळ ओढतो आणि प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू बाळगून असतो. पापुद्रे सारख्याच प्रभाराचे असल्याने एकमेकांना दूर ठेवतात आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटींत पाणी अडकून पडते.

दख्खनच्या काळ्या मातीचे मोठेपण यातूनच आले आहे. मंगळवेढ्याच्या शिवारात पाऊस सरल्यावर पेरलेली मालदांडी ज्वारी बव्हंशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते, आणि त्याच जमिनीत ऐन पावसाळ्यात वाफसा येण्याची वाट पाहत दिवस घालवावे लागतात. जी धारणशक्ती रब्बीच्या पिकाला तारते, तीच गाळाच्या तळ्यात अडचण होऊन बसते. निसर्गनियम एकच, ओल हवी आहे की नको आहे एवढाच फरक.

दाबाने पाणी ढकलायचे म्हटले की फटींची रुंदी आडवी येते. रुंदी निम्मी झाली की पाण्याचा वेग चौथाईवर येतो. रुंदी दहाव्या हिश्श्यावर आली तर वेग शंभराव्या हिश्श्यावर. त्यातच दाबाने गाळ आवळला जातो, फटी आणखी मिटतात आणि गाळणीला लागून घट्ट थर बसतो. जितका जोर लावावा तितकी वाट बंद होत जाते.

वाट उघडण्याची एक युक्ती मात्र दोनशे वर्षांपूर्वीच सापडली होती. व्होल्टाची विद्युत घटमाला १८०० मध्ये जगापुढे आली आणि युरोपभरचे अभ्यासक दिसेल त्या पदार्थातून वीज सोडून पाहू लागले. मॉस्को विद्यापीठातील जर्मन वंशाचे रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड फ्रिडरिश रॉयस यांनी १८०७ मध्ये ओल्या चिकणमातीत पाण्याने भरलेल्या दोन काचनळ्या रोवल्या आणि त्यांत घटमालेची टोके सोडली. धन टोकाच्या नळीतले पाणी गढुळले, कारण मातीचे कण तिकडे ओढले गेले. ऋण टोकाच्या नळीत मात्र पाण्याची पातळी वाढत गेली, आणि ते पाणी नितळ होते. एकाच प्रयोगात दोन शोध हाती लागले. द्रवात मोकळे असलेले कण विजेने सरकतात, आणि कण जागच्या जागी अडकलेले असतील तर त्यांच्यामधले पाणी सरकते. या दुसऱ्या घटनेला विद्युत-परासरण म्हणतात.

तिची कारणमीमांसा पुढच्या शतकाने केली. गुस्टाव विडमान यांनी १८५२ मध्ये वाहणारे पाणी आणि विद्युतप्रवाह यांचे प्रमाण मोजले. हेल्महोल्ट्झ यांनी १८७९ मध्ये घन पृष्ठभाग आणि त्याला बिलगलेले आयन यांच्या द्विस्तराची कल्पना मांडली आणि स्मोलुकोव्स्की यांनी १९०३ मध्ये तिला आजचे गणिती रूप दिले. विद्युत क्षेत्र लावले की फटींतले धन आयन ऋणाग्राकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, निघतात आणि जाताना भोवतालचे पाणी बरोबर नेतात. ओढ थेट फटीच्या भिंतीजवळ लागते, दोन्ही बाजूंनी लागते, त्यामुळे मधले पाणी सगळेच्या सगळे सरकते. म्हणूनच या प्रवाहाचा वेग फटीच्या रुंदीवर जवळजवळ अवलंबून नाही.

या एका वाक्यात सगळ्या विषयाचे मर्म आहे. दाट चिकणमातीतून गुरुत्वाच्या साध्या उतारावर पाणी दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढेही पुढे जात नाही. त्याच मातीत दर सेंटीमीटरला एक व्होल्ट एवढे क्षेत्र लावले की ते दिवसाला सुमारे चार सेंटीमीटर सरकू शकते. वाळूत या पद्धतीचा काही फायदा नाही, कारण तिथे पाणी आपणहूनच वाहते. माती जितकी बारीक आणि कुचंबलेली, तितकी वीज सरस ठरते.

बांधकामाच्या क्षेत्रात हे ज्ञान आणले ते लिओ कासाग्रांडे यांनी. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील झाल्झगिटर येथे रेल्वेमार्गासाठी केलेल्या खोदाईचे उतार पाण्याने भरलेल्या बारीक मातीमुळे ढासळत होते. कासाग्रांडे यांनी उतारात धातूच्या कांबी आणि नळ्या रोवून एकदिश वीज सोडली. पाणी उताराच्या तोंडाकडे येण्याऐवजी आतल्या ऋणाग्र-विहिरींकडे वळले, आणि माती पुरती सुकण्याच्या कितीतरी आधी उतार उभे राहिले. बांधकाम अभियंत्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. पाणी किती निघाले याइतकेच ते कोणत्या दिशेने वाहते यालाही महत्त्व असते. पाझराची दिशा उलटली की त्याचा मातीवरचा रेटाही उलटतो. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतील ट्रोनहाइमला पाणबुड्यांच्या तळासाठी चाललेल्या खोदकामातही हीच पद्धत वापरली गेली.

इतके यश मिळूनही ही पद्धत सर्रास रूढ झाली नाही, याची कारणे भौतिकशास्त्रातच आहेत आणि ती उघडपणे मांडली पाहिजेत. पिसाचा कलता मनोरा १९९० मध्ये लोकांसाठी बंद झाला. तो सावरण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे, उत्तरेकडच्या जमिनीतील चिकणमातीचे पाणी विजेने काढून ती बाजू किंचित खचवावी, असाही पर्याय होता. जागेवर मोठी चाचणी झाली आणि ती फसली. तिथल्या मातीतले पाणी विजेचे फार चांगले वाहक निघाले. पाण्यात क्षार जास्त असले की वीज त्या क्षारांमधून सुखाने निघून जाते, पाणी ओढण्याच्या कामी थोडीच येते आणि बाकीची माती तापवण्यात खर्च होते. अखेर मनोऱ्याखालची माती उत्तरेकडून थोडीथोडी काढण्याचा मार्ग धरला गेला, कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला आणि २००१ च्या डिसेंबरात मनोरा पुन्हा उघडला.

दुसरी अडचण धनाग्राची. तिथे पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू आणि आम्ल तयार होते, ऋणाग्रापाशी हायड्रोजन आणि अल्क. लोखंडी धनाग्र या आम्लात गंजून विरघळते. शिवाय पाणी धनाग्रापासून दूर जात असल्याने त्याच्याभोवतीची माती सर्वांत आधी सुकते, तिला भेगा पडतात, त्यांत वायू साठतो आणि माती व धातू यांचा संपर्क सुटतो. विद्युतरोध वाढत जातो. पाणी अजून पुष्कळ शिल्लक असताना यंत्रणा स्वतःच्याच यशाने थांबते.

कंपनाचा प्रवेश इथे होतो. कंपनाने पाणी सुटते हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. स्लॅब भरताना काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर मारला की कोरडेसे दिसणारे मिश्रण क्षणात वाहते आणि पृष्ठभागावर पाणी चमकू लागते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात ठिकठिकाणी जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली. हादऱ्याने कण जवळ सरकले, त्यांच्यामधल्या पाण्यावर दाब आला आणि त्याने वरची वाट धरली. धुतलेल्या वाळूच्या कारखान्यांत आणि खाणींत कंपणाऱ्या चाळण्या हेच काम रोज, बेताने करतात.

वारंवारता वाढवत नेली की कंपनाचे रूप बदलते. सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त कंपने म्हणजे माणसाच्या कानापलीकडचा श्राव्यातीत ध्वनी. सच्छिद्र पदार्थ त्याने वेगाने आकुंचन-प्रसरण पावतो आणि आतले पाणी सूक्ष्म वाटांनी बाहेर येते. माद्रिदमध्ये हुआन अन्तोनियो गायेगो-हुआरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या चकत्यांसारख्या भाज्या कंपणाऱ्या तबकडीच्या थेट संपर्कात ठेवून मंद तापमानात वाळवून दाखवल्या. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने कपडे वाळवण्याचे असेच यंत्र विकसित केले. त्यात ओले कापड स्फटिकी कंपकांवर टेकते आणि पाणी तापून नव्हे, तर थंड तुषारांच्या रूपाने उडून जाते. नेहमीच्या ड्रायरपेक्षा पाचपटीपर्यंत कार्यक्षमता आणि निम्म्याच्या आसपास वेळ, अशी अपेक्षा त्याबद्दल मांडली गेली. धाग्याच्या आत मुरलेल्या शेवटच्या ओलीला मात्र तुषार होता येत नाही. तिला उष्णताच लागते.

कंपनालाही मर्यादा आहेत. दाट गाळात ध्वनी काही सेंटीमीटरमध्येच विरतो. त्याची तीव्रता जास्त झाली तर सांडपाण्याच्या गाळातले जिवाणूंचे पुंजके फुटतात, कण आणखी बारीक होतात आणि पाणी निघणे पूर्वीपेक्षा अवघड बनते. कमी मात्रेत उपकारक आणि जास्त मात्रेत घातक, असे हे साधन आहे.

मग दोन्ही एकत्र का आणू नयेत? ओहायोतील कोलंबस येथील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये एच. एस. मुरलीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नेमके हेच केले. अतिबारीक कण पाण्यात मिसळून झालेल्या राळ्यावर विद्युत क्षेत्र आणि श्राव्यातीत ध्वनी एकाच वेळी लावण्याच्या त्यांच्या पद्धतीला १९८५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. बारीक कोळशाचा राळा, सांडपाण्याचा गाळ, मक्याच्या प्रक्रियेतला ओला चोथा असे पदार्थ या वाटेने तपासले गेले. दोन्ही एकत्र लावल्यावर निघणारे पाणी हे वेगवेगळे लावून निघालेल्या पाण्याच्या बेरजेपेक्षा जास्त भरते, हा त्या कामाचा गाभा होता.

बेरजेपेक्षा जास्त का, याचे उत्तर धनाग्राच्या अडचणीत आहे. कंपनाने सुकत चाललेल्या थरातले कण पुन्हा रचले जातात, भेगा बुजतात, धातूला चिकटलेले वायूचे बुडबुडे सुटतात आणि विद्युतसंपर्क टिकतो. उलट बाजूने पाहावे तर कंपनाने कणापासून सैल झालेल्या पाण्याला दिशा नसते. ते जागच्या जागी हेलकावत राहते आणि कंपन थांबताच पुन्हा मुरते. ती दिशा विद्युत क्षेत्र देते. एकाने पाणी सुटे करायचे आणि दुसऱ्याने ते वाहून न्यायचे, अशी ही कामाची वाटणी आहे. यांत्रिक दाब तिसरा जोडीदार म्हणून बहुधा लागतोच, कारण पाणी गेलेली जागा मिटवण्याचे काम त्याचे.

वीज आणि कंपन यांचे नाते याहूनही जुने आणि जवळचे आहे. १९३३ मध्ये पीटर डिबाय यांनी दाखवून दिले की क्षारयुक्त द्रावणातून ध्वनिलहर गेली तर वेगवेगळ्या वस्तुमानाचे आयन कमीअधिक डोलतील आणि त्यातून आलटून-पालटून विद्युतदाब निर्माण होईल. प्रभारित कणांच्या राळ्यातही हेच घडते. कण पाण्याहून जड, म्हणून लहरीत पाण्याच्या मागे पडतो, भोवतीचे आयनांचे आवरण किंचित ढळते आणि वीज उमटते. आज याच तत्त्वावरची उपकरणे दाट गाळाला पातळ न करता त्याच्या कणांचा प्रभार मोजतात.

विद्युत क्षेत्राने पाणी काढण्याचे सर्वांत मोठे औद्योगिक यश मात्र मातीत नाही, तेलात आहे. कॅलिफोर्नियाच्या विहिरींतून निघणाऱ्या कच्च्या तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब असे मिसळलेले असत की ते महिनोन्‌महिने वेगळे होत नसत. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९११ च्या सुमारास उच्चदाबाच्या विद्युत क्षेत्रात ते थेंब एकमेकांकडे ओढून मोठे केले आणि खाली बसवले. आज कोणत्याही तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलावरचे पहिले संस्कार करणारा डिसॉल्टर याच तत्त्वावर चालतो. तेल विजेचे वाहक नाही, त्यामुळे वीज वाया जात नाही. पिसाला नडलेली गोष्ट इथे नडत नाही.

सांडपाण्याच्या गाळासाठी कॅनडा आणि दक्षिण कोरियातील उत्पादकांनी विद्युत-निर्जलीकरणाची यंत्रे बाजारात आणली आहेत. तिथे थर पातळ असतो, वरून दाब असतो आणि धनाग्र म्हणून धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियम वापरता येते. हे लेपित टायटॅनियम मुळात क्लोरीन-उद्योगासाठी १९६० च्या दशकात विकसित झाले होते. गंजाच्या जुन्या दुखण्यावर ते आयते औषध मिळाले. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठात कॉलिन जोन्स आणि सहकाऱ्यांनी धातूची कांब टाळून विद्युतवाहक कापडाचीच अग्रे केली, ज्यांतून पाण्याचा निचराही होतो. या तपशिलांना दुय्यम समजू नये. तत्त्व दोनशे वर्षांपूर्वी कळले होते. अडले ते अशा अग्रांपाशीच.

या विषयाची निकड कारखान्याच्या वीजबिलापुरती नाही. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या धुवणाचा गाळ साठवलेला बांध फुटला आणि सुमारे २७० माणसे गेली. वरून घट्ट दिसणारा तो साठा काही क्षणांत द्रवासारखा वाहिला, कारण त्याच्या पोटात पाणी होते. अशा साठ्यातले पाणी वेळीच काढणे हे लोकांच्या जिवाचे काम आहे. आणि जिथे बांध आधीच कच्चा आहे, तिथे कंपनाचा प्रयोग चुकूनही करू नये, हेही त्याच ओघात बजावले पाहिजे. कच्छच्या रणात हादऱ्याने जे केले ते बांधाच्या पोटातही घडू शकते. अशा जागी फक्त वीज, किंवा गाळ बाहेर काढून यंत्रात घेणे, एवढेच मार्ग उरतात.

लोहखनिजाचे नाव निघाले की गोव्याची आठवण होणे साहजिक आहे. तिथेही खनिज धुतले गेले, गाळाची तळी झाली आणि पावसाळ्यात वाहून आलेली लाल माती भातशेतांत शिरण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. पण न्यूकॅसलचे उत्तर उचलून तिथे लावता येणार नाही. लोहाच्या ऑक्साइडचे कण चिकणमातीसारखे कायम ऋण प्रभाराचे नसतात. नैसर्गिक पाण्याच्या सामूच्या आसपास त्यांचा प्रभार शून्याजवळ येऊ शकतो, आणि प्रभार नाही तर विद्युत-परासरणही नाही. गाळात केओलिनाइटसारखी चिकणमाती किती आणि लोह किती, यावर सगळे ठरेल. मुंबई-उरणच्या खाड्यांतला चिखल चिकणमातीचाच आहे, पण तो खारा, म्हणजे पिसाच्या वाटेने जाणारा. उरणच्या बाजूला बंदरासाठी भराव करताना त्यात उभ्या निचरा-पट्ट्या घालून वरून मातीचे वजन देण्याची जी रीत वापरली गेली ती तिथे जास्त शहाणपणाची आहे. नदीकाठच्या शहरांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतला गोड्या पाण्याचा गाळ मात्र चांगला उमेदवार आहे. तिथेही यंत्र मागवण्याआधी बादलीभर नमुना घेऊन तीन गोष्टी मोजाव्यात: पाण्याची विद्युतवाहकता, कणांचा प्रभार आणि एका युनिट विजेत निघालेल्या पाण्याचे वजन. तिसरा आकडा उष्णतेच्या हिशेबाशेजारी मांडला, म्हणजे एका युनिटला सुमारे दीड किलो पाणी या मोजमापाशी ताडून पाहिला, की त्या गाळापुरता निर्णय तिथेच घेता येतो.